डॉक्टर, चिठ्ठीवर धान्याचं नाव लिहिता, तसं वजनही लिहा

राज्यातील सर्व मधुमेहतज्ज्ञ, फॅमिली डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांस,

स.न.वि.वि.

तुमच्या दवाखान्यातून बाहेर पडलेला शुगरचा पेशंट आधी मेडिकलमध्ये जातो आणि मग माझ्याकडे येतो. मी सोलापूर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी पिठाची गिरणी चालवतो. मेडिकलवाल्याला तुम्ही सगळं नीट लिहून देता : अर्धी गोळी की एक, जेवणाआधी की नंतर, किती दिवस. माझ्या वाट्याला येतो तो तोंडी निरोप. "डॉक्टरांनी गहू बंद सांगितलाय, ज्वारी दळून द्या." नाहीतर, "मल्टिग्रेन करून द्या." किती खायचं, कसं दळायचं, कशाच्या बदल्यात खायचं, ते पेशंट मला विचारतो. मी बी.एस्सी. करून वडिलांच्या गिरणीवर बसलो, वाचायची सवय सुटली नाही, म्हणून चार गोष्टी सांगू शकतो. पण हे काम माझं नाही आणि मला त्याचा अधिकारही नाही. म्हणून हे पत्र.

"शुगरला ज्वारी चालते" हे वाक्य तुमच्या टेबलावरून निघतं आणि गिरणीच्या ओट्यावर येईपर्यंत "ज्वारी कितीही चालते" असं होतं. आमच्याकडच्या भाकरीला सत्तर-ऐंशी ग्रॅम पीठ लागतं. घडीच्या पोळीला पस्तीस-चाळीस, फुलक्याला वीस-पंचवीस. हे मी माझ्याच काट्यावर तोलून पाहिलेलं आहे. गावागणिक थोडं कमीजास्त होईल. म्हणजे दोन पोळ्या सोडून दोन भाकऱ्या खाणाऱ्याने पीठ दुप्पट केलं. ऐंशी ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण २६५ कॅलरी असतात. तीन भाकऱ्यांच्या आठशेच्या घरात जातात, आणि त्यात शेंगदाण्याची चटणी, तेलाचा तवंग असलेली आमटी, तोंडी लावायला अजून काही, हे धरलेलंच नाही. दोन-तीन महिन्यांनी तो माणूस तुमच्याकडे येतो, वजन वाढलेलं असतं, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, हललेलं नसतं, आणि तो शपथेवर सांगतो की गव्हाला हात लावला नाही. तो खोटं बोलत नसतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहार-मार्गदर्शिका काढली, तिच्यात २००० कॅलरींच्या दिवसभराच्या आहारात सगळी धान्यं मिळून कच्च्या वजनाने २५० ग्रॅम धरली आहेत. एकूण ऊर्जेतला धान्याचा वाटा ४५ टक्क्यांवर जाऊ नये असंही त्यात आहे. दोन्ही वेळा तीन-तीन भाकऱ्या खाणारा माणूस साडेचारशे ग्रॅमच्या आसपास जातो, भात वेगळा. ज्याचं वजन आधीच जास्त आहे त्याला तर २००० कॅलरीही बहुधा लागत नाहीत. हा हिशेब एकदा कागदावर मांडून दिला तर माणसाला कळतो. आमची माणसं हिशेबाला पक्की आहेत, ऊसबिलातला एक रुपया चुकला तरी कारखान्यावर जातात.

वजनाचंही तेच. "मी कुठं जाड आहे, थोडं पोट सुटलंय एवढंच," हे मी रोज ऐकतो. आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या पुढे गेला की वजन जास्त धरायचं आणि २५ ला लठ्ठपणा, हे तुम्हाला पाठ आहे. पण पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाला कुणी सांगितलेलं नसतं की त्रेसष्ट किलोपासूनच त्याने सावध व्हायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तो फोटो तुमच्या वेटिंग रूममध्ये लावावा असं मला फार वाटतं. औषध कंपनीच्या कॅलेंडरपेक्षा बरा.

आता मल्टिग्रेन. बायका घरून डबा आणतात त्यात सात धान्यं असतात, कधी नऊ, एकदा तर मोजता मोजता मीच थकलो. गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, सोयाबीन, हरभरा डाळ, जवस आणि मूठभर मेथ्या. सोयाबीन आणि जवसाने दगड चिकट होतात, मध्येच गिरणी थांबवून साफ करावी लागते. मेथ्यांचा वास पुढच्या तीन गिऱ्हाइकांच्या पिठाला लागतो आणि शिव्या मला बसतात. हे सगळं सोसायला माझी ना नाही, पण त्याने शुगर उतरत असेल तर. डब्यातला निम्म्याहून जास्त भाग गहू असतो, उरलेल्या निम्म्यात आठ धान्यं वाटून घेतात, आणि नाचणीचा वाटा असतो चमचाभर. हरभरा डाळ आणि सोयाबीन भरपूर असतील तर प्रथिनं वाढतात, तेवढा फायदा मान्य. पण मग डाळच जास्त घाला असं सांगा ना. नऊ धान्यांची मोळी कशाला? बाजारातल्या मल्टिग्रेन पाकिटाचंही तसंच आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे, त्यामुळे मागची बारीक अक्षरं वाचली की गहू पहिला दिसतो आणि नाचणी, ओट्स शेपटाकडे. ब्राऊन ब्रेडवर पहिला शब्द 'रिफाइन्ड व्हीट फ्लोअर' असेल तर तो मैदाच, रंग कॅरॅमलचा असला तरी.

तंतूंच्या, म्हणजे फायबरच्या, बाबतीत एक गोष्ट तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडून सांगायची राहते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत शंभर ग्रॅमला ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतू आहेत, बाजरीत आणि नाचणीत अकरा-साडेअकरा, आणि गव्हाच्या अख्ख्या कणकेतही अकराच्या वर. मैद्यात आणि पॉलिशच्या तांदळात तीनच्या आत. तेव्हा गहू हा खलनायक नाही, चाळलेला गहू आहे. आणि चाळणी घराघरात आहे. मी दळून दिलेलं पीठ घरी जातं, बारीक चाळणीतून गाळलं जातं, पोळी मऊसूत व्हायला हवी म्हणून, आणि राहिलेला कोंडा म्हशीपुढे जातो. मग तोच माणूस मेडिकलमधून फायबरच्या पावडरीचा डबा विकत आणतो. म्हशीची तब्येत उत्तम आहे, सांगायला आनंद वाटतो.

इथपर्यंतचं तुम्ही मान हलवून ऐकाल. पुढचं थोडं अडचणीचं आहे, माझ्यासाठी जास्त.

अख्खं धान्य म्हणजे अख्ख्या धान्याचं पीठ नव्हे. न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये 'डायबेटिस केअर' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. टाइप २ मधुमेहाच्या ३१ जणांना दोन आठवडे बारीक दळलेल्या अख्ख्या धान्याचे पदार्थ दिले आणि दोन आठवडे तीच धान्यं कमी प्रक्रिया केलेली, जाडसर, दाणेदार. तंतू, धान्य, सगळं तेच. जाडसर धान्याच्या काळात जेवणानंतरची साखर कमी चढली. आणि वजन कमी करायचं असं कुणालाच सांगितलेलं नसताना बारीक पिठाच्या काळात वजन थोडं वाढलं. प्रयोग छोटा, काळ थोडा, हे खरं. पण कारण समजायला अवघड नाही. दाण्यातला स्टार्च पेशींच्या भिंतींआड असतो. मी दगडाखाली त्या भिंती फोडतो. जेवढं बारीक दळीन तेवढं पचवायचं काम मीच आधी करून ठेवतो, मग पोटात गेल्यावर साखर व्हायला वेळ लागत नाही. पूर्वी जात्यावरचं पीठ रवाळ असायचं. आता गिऱ्हाईक बोटांत पीठ चोळून बघतं आणि जरा कणी लागली तर "दगडाला टाकी लावा" म्हणून बजावतं.

मग भरड दळून द्या, असं तुम्ही म्हणाल. गव्हाचं देतो, पोळी थोडी खरबरीत होते, थालीपिठाला तर उत्तम. ज्वारीचं देता येत नाही. ज्वारीत गव्हासारखा पीठ बांधून ठेवणारा ग्लूटेन नाही, गरम पाणी घालून पीठ मळलं तरी ते बारीक आणि ताजं असावं लागतं, नाहीतर भाकरी थापताना चिरते. आठवडा-पंधरा दिवस राहिलेलं पीठ विरी जातं, त्याचा चिकटपणा जातो, ते वेगळंच. म्हणजे भाकरी हा बारीक पिठाचाच पदार्थ आहे आणि राहणार. भाकरीला वाईट म्हणायचा माझा विचार नाही, सोलापुरात राहून तशी हिंमतही नाही. म्हणणं इतकंच की एका वेळी भाकरी असेल तर दुसऱ्या वेळी दाणा दाण्यासारखा खाल्लेला बरा.

आणि तो कसा खायचा हे आपल्या लोकांना नव्याने शिकवावं लागत नाही. ज्वारीच्या कण्या आमच्या आजीच्या पिढीचं रोजचं जेवण होतं : ज्वारी जाडसर भरडायची, धुऊन मिठाच्या पाण्यात शिजवायची, ताकाबरोबर किंवा आमटीबरोबर खायची. ठोंबरा म्हणजे अख्खी ज्वारी शिजवलेली. बाजरी ओलवून, कांडून, कोंडा पाखडून मुगाच्या डाळीबरोबर केलेला खिचडा हिवाळ्यात असायचा. गव्हाचा भरडा तर माझ्याच गिरणीत पाच मिनिटांत निघतो, त्यात भाज्या आणि मूग घालून खिचडी होते. ज्वारी रात्रभर भिजवली आणि कुकरला जास्त शिट्ट्या दिल्या की शिजते. ज्यांचे दात गेलेत त्यांना अख्खा दाणा जमत नाही, त्यांच्यासाठी कण्याच. तुमच्या छापील तक्त्यात यातलं काहीच नसतं. त्यात असतात ओट्स, क्विनोआ, ब्राऊन ब्रेडचे दोन स्लाइस आणि मोड आलेले मूग. साध्या ओट्सबद्दल तक्रार नाही, ते चांगलं धान्य आहे. पण आमच्याकडे ओट्स म्हणजे मसाल्याची पुडी टाकून तीन मिनिटांत होणारी पेज. क्विनोआ कसला असतो हे विचारायला एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. मी त्यांना राजगिरा दाखवला.

(गुळ घातलेला ठोंबरा आणि शेव-रेवड्यांसकट हुरडा यांना औषध समजू नये, हेही लिहा. हुरड्याच्या पार्टीत कुणालाच शुगर नसते.)

नुसतं धान्य बदलून किती फरक पडतो, याची आपल्याच देशातली आकडेवारी जरा थंड पाणी ओतणारी आहे. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने वजन जास्त असलेल्या १५ जणांना पाच-पाच दिवस पांढरा आणि हातसडीसारखा अख्खा तांदूळ देऊन पाहिला. २०१४ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात अख्ख्या तांदळाने साखरेचा चढ सुमारे २० टक्के कमी दिसला. मोठी बातमी झाली. पुढे १६६ जणांवर तीन-तीन महिन्यांचा प्रयोग झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा सगळे मिळून पाहता ठळक फरक आढळला नाही. मात्र ज्यांचा बीएमआय २५ किंवा जास्त होता, किंवा ज्यांना मेटाबॉलिक सिंड्रोम (पोटाचा घेर, रक्तदाब, साखर, चरबी एकत्र वाढलेली) होता, त्यांचं एचबीएवनसी थोडं उतरलं. म्हणजे फायदा आहे, आणि ज्यांच्याबद्दल मी लिहितोय त्यांनाच आहे, पण तो थोडा आहे. आणि २०२५ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी अभ्यासाच्या आहारपाहणीत भारतीयांच्या ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात असं दिसलं. तांदळाच्या जागी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आलं म्हणून मधुमेहाची शक्यता कमी दिसली नाही. रोजच्या ऊर्जेपैकी पाच टक्के कर्बोदकांतून काढून डाळी-कडधान्यांच्या किंवा दुधाच्या प्रथिनांकडे वळवली तर मात्र ती कमी दिसली. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे, आणि प्रश्न तिथे मधुमेह होण्याचा होता, झालेल्यांच्या उपचाराचा नव्हे, हे तुम्ही मला सांगाल. मान्य. तरी रोख स्पष्ट आहे : भाकरी बदलण्याआधी भाकरी कमी करा, आणि मोकळ्या झालेल्या जागी मटकी, हुलगे, हरभरा, मूग, ताक येऊ द्या. एक भाकरी, दोन वाट्या उसळ, पालेभाजी. यात माझं दळण कमी होणार हे मला दिसतंय. तुम्ही सांगितलं तर लोक ऐकतील, मी सांगितलं तर म्हणतील गिरणीवाल्याचं डोकं फिरलंय.

पैशाचं पण बोलू. मंगळवेढ्याची मालदांडी जीआय मानांकनाची झाली, त्याचा आम्हाला अभिमान आहे, पण चांगली मालदांडी गेली काही वर्षं गव्हापेक्षा महाग आहे. खपली गहू शंभरीच्या पुढे, आणि तो "शुगरचा गहू" म्हणून विकला जातो, जणू त्यात स्टार्चच नाही. ज्या घरात अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी पाच किलो धान्य फुकट येतं, तिथे ते बहुतेक तांदूळ आणि गहू असतं. कायद्यात भरडधान्याची तरतूद २०१३ पासून आहे, पण ज्वारी आली तर आली, तिच्यावर घर चालवता येत नाही. अशा बाईला "गहू बंद" सांगितलं की ती एकतर उधारीवर ज्वारी घेते किंवा तुमचं सगळंच सोडून देते. तिला हे सांगा की रेशनचा गहू अख्खं धान्यच आहे. चाळू नको, भरडून आण, पोळ्या मोजून खा. एक पैसा जास्त लागत नाही. भरड दळायला मी कमीच वेळ घेतो.

एक गोष्ट मात्र मला खरंच भीतीची वाटते. शिबिरात भाषण ऐकून एखादा माणूस घरी येतो आणि दुसऱ्या दिवसापासून चार भाकऱ्यांची एक करतो. त्याला ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी चालू असते, किंवा इन्सुलिन. गोळीचा डोस जुन्या चार भाकऱ्यांच्या हिशेबाचा असतो. अकरा वाजता रानात दरदरून घाम, हातपाय थरथर. घरचे म्हणतात ऊन लागलं. आहार बदला हे सांगताना त्याच वेळी डोसकडे पुन्हा बघायचं आहे, गोळ्या बदलेपर्यंत पीठ हळूहळू उतरवायचं आहे, खिशात साखरेची पुडी ठेवायची आहे, हे तोंडी सांगून विसरलं जातं. किडनीवर परिणाम झालेल्यांना कडधान्यं आणि कोंडा यांचा हिशेब वेगळा लागतो, तोही तुम्हीच करायचा. हे निर्णय गिरणीत होऊ नयेत.

म्हणून मागणी साधी आहे. चिठ्ठीवर गोळ्यांखाली दोन ओळी वाढवा. धान्य कोणतं, जे त्या घरात खरोखर येतं ते. दिवसाला पीठ किती ग्रॅम, आणि त्याच्या किती भाकऱ्या किंवा पोळ्या होतात. दळण बारीक की भरड, चाळायचं की नाही. एक वेळ कण्या किंवा भरडा. आणि ही चिठ्ठी गिरणीवाल्याला दाखवावी असं खाली लिहा. मी तसं दळून देईन, आठवड्यापेक्षा जास्तीचं एकदम दळणार नाही, आणि डब्याच्या झाकणावर ग्रॅम लिहून देईन. माझ्या ओळखीचे तालुक्यातले आणखी गिरणीवाले तयार आहेत. त्यांतल्या एकाची अट आहे की मेथ्या वगळाव्यात.

तुमच्या संघटनांनी यासाठी एकच छापील नमुना तयार केला, मराठीत, मोठ्या अक्षरात, तर छपाईचा खर्च आम्ही गिरणीवाले वर्गणीतून करू. नमुना कच्चा असला तरी चालेल. भाकरीचं वजन घालताना मात्र विदर्भातली, कोकणातली, आमच्याकडची अशी वेगवेगळी तोलून घ्या, आकार फार बदलतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक गिरणीवाला
जि. सोलापूर

ता.क. उपवासाचं राहिलं. पंढरपूर आमच्या जिल्ह्यातच, त्यामुळे महिन्यातून दोन एकादश्या बऱ्याच घरांत असतात, चतुर्थी आणि सोमवार निराळे. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी ताट भरून खाल्ली जाते, आणि साबुदाणा म्हणजे कंदातला जवळजवळ निव्वळ स्टार्च. धान्य नाही, तंतू नाहीत. राजगिऱ्याचं थालीपीठ आणि दही असा पर्याय चिठ्ठीत घालता आला तर पाहा. उपवास सोडायला सांगू नका, कुणी सोडणार नाही. आणि गोळी त्या दिवशी कशी घ्यायची तेही लिहा, कारण बरेच जण उपवासाला गोळीही घेत नाहीत.